श्वासाची वजाबाकी

मशीननं वहिनीला घेतलं आणि मला सोडलं.

श्वास तपासायच्या केंद्रातल्या पोरानं पडद्याकडं बघत वाचून दाखवलं, "विरुपाक्ष हावळ यांच्या श्वाससाथी सुमेधा प्रसाद हावळ. बनशंकरी हावळ यांची जुळणी होत नाही."

"परत बघा," मी म्हणाले.

"मॅडम, मशीन एकदा सांगतं ते..."

"मॅडम कुणाला म्हणतोस? परत बघ."

त्यानं परत बघितलं. म्हणजे मान खाली घालून बघितल्यासारखं केलं. मला समजतं ते.

"मी त्यांची सख्खी मुलगी आहे," मी म्हणाले. "या सून आहेत. गेल्या वर्षी आल्या आमच्यात. ह्यांचं आणि अण्णांचं रक्त तरी एक आहे का?"

"यात रक्त बघत नाहीत. हवा बघतात."

वहिनी काहीच बोलली नाही. तिचं हे गप्प उभं राहणंच मला सोसत नाही. समोरचा भांडला तर बरोबरी होते. गप्प बसला की आपणच तेवढे वाईट दिसतो. त्यात आमच्या घरात वहिनीला अहो-जाहो करायची पद्धत. भांडतानासुद्धा 'तुम्ही' म्हणावं लागतं, त्यात निम्मा राग वाया जातो.

अण्णा बाकावर बसले होते. त्यांनी फक्त हात हलवला. ऱ्हाऊ दे, असं.

का ऱ्हाऊ दे? नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर इचलकरंजीतल्या एकाच कारखान्यात आहे. शाळेनं काढलं नव्हतं, मीच सोडली. एका जागी बसून दुसऱ्याचं ऐकायचं माझ्या अंगात नाही. अण्णा तिथं जॉबर, म्हणजे अडलेला माग दुरुस्त करून चालू करणारा माणूस. मी मागं कांड्या भरायला, म्हणजे विणायचं सूत नळ्यांवर गुंडाळायला. सुट्टीनंतर कामावर गेलं की त्यांची छाती आवळते, हे मला त्यांच्या आधी कळायचं. पाठीला उशी कुठं लावायची, कोमट पाणी कधी द्यायचं, सगळं मला ठाऊक. आणि साथी कोण, तर बी.एस्सी. झालेली सून.

हे मशीन काय करतं ते सांगते. त्या पोरापेक्षा मला बरं सांगता येतं.

माणूस श्वास सोडतो तेव्हा नुसती हवा बाहेर येत नाही. त्यात शेकडो बारीक वायू असतात. खाल्लेल्या कांद्याचा, रस्त्यावरच्या धुराचा, कापड रंगवायच्या कारखान्याचा, अंगाला लावलेल्या तेलाचा. त्या गर्दीत आजारी फुप्फुसाचाही वायू असतो, पण इतका थोडा, की भरल्या बाजारात एखादं माणूस कुजबुजावं तसा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की त्याच घरात राहणारं, त्याच भांड्यातलं जेवणारं, तीच हवा ओढणारं एक निरोगी माणूस घ्यायचं. त्याचाही श्वास मोजायचा. आजाऱ्याच्या श्वासातून त्याचा श्वास वजा करायचा. बाजार निघून जातो. उरतं ते दुखणं.

अण्णांचं दुखणं कापसाच्या धुळीचं. जन्मभर ओढलेली धूळ. पूर्वी यावर पंप द्यायचे आणि काम सोडा म्हणायचे. आता डॉक्टर फुप्फुसातल्याच चांगल्या पेशी काढून घेतात, बाहेर वाढवतात आणि खराब जागी परत सोडतात. वाफ्यातलं रोप काढून दुसरीकडं लावतात तसं. रोप धरलं का, हे दर आठवड्याला वजाबाकी करून बघायचं. धरत असेल तरच विमा पुढचे पैसे सोडतो. म्हणून साथी लागतो. आणि आजारी माणसाला कुणी फसवू नये म्हणून डॉक्टर ठरवायचा अधिकारही साथीचाच. साथी म्हणेल तो डॉक्टर.

म्हणजे आता अण्णांचं सगळं वहिनीच्या हातात.

पोरगा म्हणाला, "पेशंट आणि साथी आत या. बाकीचे बाहेर थांबा."

बाकीचे म्हणजे मी.

आत काचेची खोली होती. आवाज बाहेर येत नव्हता. पण मला आवाज लागत नाही. आमच्या कारखान्यात माग चालू असले की शेजारी फटाक्याची माळ लावली तरी ऐकू येणार नाही. तिथं सगळी माणसं ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. पलीकडच्या टोकाचा मागवाला जॉबरला शिवी देतो ती मला इकडं कांड्यांवर बसून कळते.

पोरगा आत काहीतरी सांगत होता, पण त्याची पाठ माझ्याकडं होती. वहिनीचीही. एवढंच दिसलं, की वहिनीचा हात तोंडावर गेला. अण्णांचं तोंड मात्र माझ्यासमोर. ते वहिनीला म्हणाले, "बनीला सांगू नगंस."

बनी म्हणजे मी.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "मशीन कसं चालतंय ते."

आणि दोघंही एकाच वेळी दाराकडं वळले. जसं काही ती दोघं एका घरची आणि मी शेजारची.

* * *

त्यानंतर घरात फोनच फोन. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून फुप्फुसाचे डॉक्टर शोधायची. मी भाकरी थापत ऐकायची. बाई प्रश्न कसे विचारायची, ते एक ऐकण्यासारखंच होतं.

"विमा चालतो म्हणालात. म्हणजे आम्ही आधी भरून मग मागायचं, की भरायचंच नाही?"

पलीकडचं काही ऐकू यायचं नाही.

"बरं. दवाखान्याला मान्यता आहे, पण डॉक्टरांना आहे का? त्यांच्या स्वतःच्या नावावर? आणि पेशी सोडायचा परवाना त्यांचा की दवाखान्याचा? मग ते डॉक्टर स्वतः कुठल्या वारी बसतात? व्हिडिओवर समोर येतील का? मला त्यांचा चेहरा आणि कार्ड एकत्र बघायचंय."

पलीकडच्यानं फोन ठेवला असणार.

"स्थळ बघताय काय?" मी म्हणाले. "मामाचं गाव आणि देवकही विचारा."

"स्थळ बघताना नुसत्या बायोडाटावर मुलगी देतात का गं?" ती म्हणाली आणि पुढचा नंबर लावला.

अण्णा कॉटवरून हसले. हसताना त्यांना खोकला आला. मी पीठ भरल्या हातानं उठेपर्यंत वहिनीचा हात त्यांच्या पाठीवर पोचलाही होता. उशी तिनं बरोबर लावली. मी लावते तिथंच. हे तिनं माझ्याकडं बघूनच उचललंय, आणि कुणी तसं म्हणतही नाही.

संध्याकाळी तर कहर. अण्णा तिला त्यांच्या तुटक्या बोटाची गोष्ट सांगत होते. उजव्या हाताचं मधलं बोट त्यांना अर्धंच आहे. मी जन्मले तेव्हापासून अर्धंच बघते, त्यामुळं कधी विचारलंच नाही. तर ही बया विचारते, आणि अण्णा सांगतात. मागातून सूत नेणारा धोटा कसा उडाला, मालकानं रिक्षाऐवजी सायकलवर दवाखान्यात कसं पाठवलं, आईनं तेव्हा कसा दंगा केला. माझ्या आईची गोष्ट. मी चार वर्षांची असताना गेलेल्या माझ्या आईची, आणि ती मला भांडी घासता घासता, दुसरीला सांगितलेली ऐकावी लागत होती.

मी पातेलं आपटलं.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"निसटलं."

"सगळीच भांडी निसटाय लागल्यात अलीकडं," अण्णा म्हणाले. वहिनी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

त्याच वेळी मी ठरवलं, की डॉक्टर मीच शोधणार.

* * *

सांगली रस्त्याला एक मोठा फलक लागला होता. 'श्वासदीप. डॉ. समीर वाळवेकर, फुप्फुसरोगतज्ज्ञ. नव्या पेशींचे उपचार. सर्व विमा.' मी नववी नापासाच्याही अलीकडची असेन, पण मला फोन चालवता येतो. डॉक्टरांच्या नोंदणीत नाव घातलं. नंबर निघाला. डिग्री बरोबर, परवाना चालू. विम्याच्या यादीत टाकलं, हिरवं आलं. नोंदणीतला फोटो जुना होता, कॉलेजातला, मिशीवाला. फलकावरच्याला मिशी नव्हती. मिशी काय, काढता येते. नाक तेच होतं.

वहिनी उंबऱ्यात बसून बसून जे करत होती ते मी मावा विकणाऱ्या टपरीजवळ उभं राहून एका दुपारी केलं.

एकच गोष्ट अडचणीची होती. पेशंटनं ज्या तज्ज्ञाच्या पाटीवर नोंदणीसाठी पहिल्यांदा तळवा ठेवला, तो वर्षभराचा डॉक्टर. लोक एकाच आजारासाठी पाच पाच डॉक्टर फिरायला लागले, म्हणून विम्यानं ते तसं बांधून टाकलंय. एकदा तळवा टेकला की संपलं. पण माझा डॉक्टर पक्का असल्यावर मला कशाची भीती? उलट तळवा टेकला की वहिनीचे फोन आपोआप बंद.

वहिनी भाजीला गेल्यावर मी अण्णांना सांगितलं. मला वाटलं ते नाही म्हणतील. निदान 'सुमेधाला विचार' तरी म्हणतील.

ते कॉटवर उठून बसले. "डॉक्टर खरा हाय न्हवं?"

"सगळं बघितलंय मी."

"तिथं मशीन असंल?"

"असणारच की."

"मग चल. पर तूबी फुकून बघायचं तिथं."

मला काय झालं ते सांगता येत नाही. त्यांना मी साथी पाहिजे होते. त्या काचेच्या खोलीत मशीननं जे नाकारलं ते अण्णांनी स्वतः परत मागितलं होतं. मी त्यांची टोपी शोधून दिली, चपला पायाशी सरकवल्या आणि रिक्षा गल्लीत आत बोलावली. रिक्षात बसल्यावर मी त्यांच्या बाजूनं वारा लागू नये म्हणून पडदा धरून बसले. वहिनीला हे सुचलं नसतं.

* * *

श्वासदीपमध्ये थंडगार होतं आणि लिंबासारखा वास होता. टेबलामागच्या बाईनं अण्णांचं नाव टाकलं.

"साथी सुमेधा हावळ. आल्यात का?"

"साथी मी आहे."

"इथं सुमेधा..."

"बदला. बदलता येतं, मी वाचलंय."

"येतं. जुन्या साथीला फोनवर कळतं फक्त. तुमची फुंकर घ्यावी लागेल."

वहिनीला कळेल म्हटल्यावर मला उलट गंमतच वाटली. कळू दे. भाजीवाल्यासमोर उभी असताना कळू दे.

तिनं एक नळी दिली. मी फुंकलं. पोट आत जाईपर्यंत फुंकलं, की घे, काय बघायचं ते बघ. अण्णा माझ्याकडं बघत होते आणि त्यांनी मांडीवरचा पंचा मुठीत आवळला होता.

समोर काचेची भिंत होती आणि पलीकडं डॉक्टर. फलकावरचाच माणूस. त्याच्यासमोर पडदा, बाजूला एक मदतनीस. पडद्यावर काहीतरी आलं. डॉक्टर पुढं वाकला. मग मागं टेकून बसला आणि बोलायला लागला. काचेला आवाज नव्हता, म्हणून त्याला वाटलं आपण एकटे आहोत.

मी ऐकलं. डोळ्यांनी.

"म्हाताऱ्यात काही राहिलं नाही," तो म्हणाला. "पोरीला धर. बापाचंच आलंय तिला, नुकतं सुरू आहे. सतरा वर्षांची आहे. दहा वर्षं विमा चालेल."

मदतनिसानं काहीतरी विचारलं.

"नेहमीसारखंच. दादाच्या नंबरवर सही टाक. दादा काय मस्कतहून बघायला येतोय?"

मी वाक्याचा शेवट आधी धरला. दादाचा नंबर. म्हणजे मी बघितलेला नंबर खरा, डिग्री खरी, नाक खरं. खुर्चीतला माणूस तेवढा दुसरा. सुरुवातीचं वाक्य मात्र डोक्यात शिरेना. पोरीला धर. कुठली पोरगी? मी खोलीत बघितलंही, की आणखी कोण पोरगी आहे.

मदतनीस दार उघडून बाहेर आला. हातात तळवा टेकवायची पाटी. गोड हसला. "आजोबा, हात द्या. आणि ताई, तुमचाही एक घेऊन टाकू, काय?"

अण्णांनी हात उचलला होता. अर्ध्या बोटाचा हात. पाटीपासून वीतभर.

मी पाटी खेचून घेतली. ती टेबलावर आपटली, मग पायाखाली घातली. बाई ओरडली. डॉक्टर काचेमागं उभा राहिला. मी त्याच्याकडं तोंड करून, आवाज न काढता, कारखान्यातल्यासारखी, ओठांनी एक शिवी दिली. ती लिहीत नाही. ती त्याला कळली.

"बने, काय करायलीस?" अण्णा म्हणाले.

"चला."

"अगं पर तुझं मशीनमधी काय आलं ते तरी..."

तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं. आणि मला कळलं की ते इथं माझ्यासाठी आले होते. मी त्यांची साथी व्हावी म्हणून नाही. कुठल्यातरी डॉक्टरनं मला एकदा तपासावं म्हणून.

* * *

पायऱ्यांवर बसलो होतो तेवढ्यात वहिनीची स्कूटर आली. पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली, केस मोकळे झालेले. तिनं स्टँडही लावला नाही, भिंतीला टेकवली.

"तळवा ठेवला का?" तिनं विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

मग ती भांडली. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा. रस्त्यावर. "तुला अक्कल आहे का, बनी? यांचं एक वर्ष तू फुंकून टाकणार होतीस. एक वर्ष आहे का यांच्याकडं? मी त्या वाळवेकरला कधीच बाद केलंय. चेहरा दाखवा म्हटल्यावर फोन कट केला त्यानं. मला विचारलं असतंस तर..."

"तुम्ही मला काय सांगितलंत? काचेच्या खोलीत काय ठरलं ते सांगितलंत?"

तिनं अण्णांकडं बघितलं.

"सांग आता," अण्णा म्हणाले. "कळलंच हाय तिला. ओठ वाचती ती. मीच शिकवलंय."

वहिनी माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"मशीननं तुला साथी घेतलं नाही, कारण तुझा श्वास वजा केला की अण्णांचं दुखणंच वजा होत होतं. हातात काही उरत नव्हतं. मशीनला अण्णा ठणठणीत दिसत होते."

रस्त्यावरून सुताच्या बाचक्यांनी भरलेला टेम्पो गेला.

"कारण तेच दुखणं तुलाही आहे," ती म्हणाली. "थोडं. पण तेच."

मला आधी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. एक घटकाभर, पण वाटलं. मी म्हणत होते ना, अण्णांसारखी मीच आहे. मशीनही तेच म्हणत होतं. वहिनी परकी होती म्हणून तिला घेतलं होतं. मी इतकी जवळची होते की मोजताच येत नव्हते.

मग भीती वाटली. छातीत काहीतरी आहे असं वाटायला लागलं. गेल्या काही महिन्यांत सुट्टीनंतर कामावर गेलं की मलाही आवळतं. मी ते अण्णांच्या काळजीनं होतंय असं धरलं होतं.

"मग सांगायचं नाही का, वहिनी?"

"अण्णांचं म्हणणं होतं, की मी त्यांना सोडावं आणि तुझी साथी व्हावं. तुला न सांगता. साथी एकालाच होता येतं. मी नाही म्हटलं. दोघांना घेणारा डॉक्टर मिळतो का ते बघत होते. मिरजेला एक डॉक्टरबाई मिळाल्यात. चेहरा दाखवला, कार्ड दाखवलं, वर मलाच विचारलं की तू वकील आहेस का."

* * *

मिरजेच्या डॉ. शकीला बागवान यांच्या खोलीत काच नव्हती. आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जात होता.

"आज पेशंट कोण?" त्यांनी विचारलं.

"ही," अण्णा म्हणाले.

"हे," मी म्हणाले.

"ठरवून यायचं ना घरून." त्यांनी दोघांच्याही श्वासाचे नकाशे पडद्यावर लावले. अण्णांचा बघताना त्यांचा आवाज खाली आला. माझा बघताना त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तू अजून कांड्यांवर जातेस?"

"हो."

"उद्यापासून जायचं नाही. धूळ थांबली तर तुझं आहे तिथं थांबेल. काही महिने. कायम नाही, पण काही महिने. यांचं थांबणार नाही. यांना आता सुरू करायला हवं." मग त्या वहिनीकडं वळल्या. "पण साथी एकच आहे, आणि विमा दुसऱ्या माणसाला दुसराच साथी मागतो. त्यात मला काही करता येत नाही. साथी म्हणून पाटीवर बोट तुम्ही कुणासाठी लावणार?"

"माझं जगून झालंय," अण्णा म्हणाले. "पोरीचं बघा. सुमेधा, लाव पोरीसाठी."

वहिनीनं बोट लावलं नाही. ती माझ्याकडं बघत होती. "बनी म्हणेल तसं."

खरं सांगते, मोह झाला. मी नुसतं गप्प बसले असते तरी पुरलं असतं. डॉक्टर माझा, वहिनी माझी, दर आठवड्याला माझ्या शेजारी बसून श्वास सोडणार. आणि अण्णा तर कायमचेच माझे. माझ्यासाठी जीव टाकलेला बाप. कुणाची बरोबरी झाली असती माझ्याशी? पण मग घरात पाठीला उशी कुणाच्या लावायची?

"अण्णा, तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "वहिनी, यांच्यासाठी लावा."

"बने..."

"गप्प बसा म्हटलं ना."

वहिनीनं बोट लावलं. पडद्यावर अण्णांचं नाव आलं. अण्णांनी तळवा ठेवला तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं होतं, कारण ते काढून घेतील अशी मला खात्री होती.

"आता तुझं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरात अजून कुणी निरोगी आहे का? धुळीत न गेलेलं?"

"आहे. घरात नाही एवढंच."

"मग उपयोग नाही. महिना दीड महिना तरी तुमच्यात राहायला हवं. तेच पाणी, तेच जेवण, तीच हवा. मगच वजाबाकी बसते."

मी बाहेर जाऊन फोन लावला. आमचा प्रसाद, माझा मोठा भाऊ, तमिळनाडूत होसूरला बॅटऱ्यांच्या कारखान्यात आहे. वहिनीला लग्नानंतर आमच्याकडं ठेवून गेला तो सणासुदीला येतो. अण्णांना त्याचं फार कौतुक. धुळीतून सुटलेला एकटाच. वहिनी येण्याआधी मी त्याच्यावरच जळत होते.

"बनी, लाईनवर आहे गं. नंतर करू?"

"नंतर नाही. आत्ता." मी सगळं सांगितलं. अण्णांचं, माझं, वहिनीचं बोट. 

"पैसे किती लागतील?" तो म्हणाला. "मी पाठवतो. कर्ज काढतो पाहिजे तर. सुट्टीचं अवघड आहे. इतकी सुट्टी कुणी देत नाही इथं."

"दादा, पैसे विमा देतोय. तू येऊन राहायचंय. जेवायचं, झोपायचं आणि श्वास घ्यायचा. बास."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. मी फोन तिच्याकडं दिला नाही. तिनंही मागितला नाही.

 दादाच्या मागचं मशीन बंद झालं असावं, कारण फोनवर नुसता त्याचा श्वास यायला लागला. आत जात होता, बाहेर येत होता. मधे शीळ नाही, खरखर नाही, कुठं अडत नाही. मी अण्णांच्या श्वासाशेजारी वाढले. असा श्वास माझ्या कानाला लागूनही कधी गेला नव्हता. मला त्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

"हाच," मी म्हणाले. "हाच घेऊन ये."